बाटल्या भरणं हेच तर खरं काम होतं

नमस्कार. प्रतिक्रिया एवढी सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाहेरून न्यू यॉर्कला येऊन सोडावॉटरच्या धंद्यात पडलेल्यांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप थोडक्यात असे. सोडावॉटरचा शोध इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीचा, विक्री सुरू केली अमेरिकेतल्या शिकलेल्या लोकांनी, बाहेरून आलेल्यांनी फक्त बाटल्या भरल्या. ज्यूंनी हा धंदा धरला तो भांडवल कमी लागतं म्हणून, त्यात कौतुक कसलं? आणि सोडा कारखान्यातल्या बेन ऑस्टेन या कामगारावरचा परिच्छेद विषयाला सोडून आहे.

प्रीस्टलीचं श्रेय कुणीच नाकारत नाही. 1767 मध्ये लीड्सला, दारूभट्टीच्या पिंपांवर साठणारा वायू त्याने पाण्यात मिसळला आणि 1772 मध्ये कृती छापून मोकळा झाला. अमेरिकेत न्यू हेवनला बेंजामिन सिलिमन या प्राध्यापकाने 1806 च्या सुमारास असं पाणी विकायला काढलं, हेही खरं. पण प्रयोगशाळेतला पेलाभर सोडा आणि शहराच्या प्रत्येक नाक्यावर मिळणारा सोडा यांत जे अंतर आहे, ते कोणी कापलं? माझा लेख तेवढ्याचसाठी होता.

जॉन मॅथ्यूज हा इंग्रज लंडनला जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात यंत्रकाम शिकला आणि 1832 च्या सुमारास न्यू यॉर्कला येऊन गोल्ड स्ट्रीटवर दुकान थाटून बसला. त्याचं यंत्र नीट पाहा. बिडाचं जाड भांडं, आतून शिशाचं अस्तर, कारण नुसतं लोखंड गंधकाम्लापुढे टिकत नाही. आत संगमरवराचा चुरा, त्यावर आम्ल. सुटलेला वायू आधी पाण्यातून धुऊन घ्यायचा, नाहीतर आम्लाचा अंश पिणाऱ्याच्या पोटात जायचा. मग थंड पाण्याच्या टाकीत तो दाबाने सोडायचा आणि पाण्यात मुरेपर्यंत टाकी हलवत राहायचं. दाब कमी पडला तर सोडा मिळमिळीत, जास्त झाला तर बाटली हातात फुटणार. भरणारे कामगार चेहऱ्यावर तारेची जाळी बांधून उभे राहत ते उगाच नाही. या कामाला ‘फक्त’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पाण्याचाही विचार करा. 1832 च्या पटकीत (कॉलऱ्यात) न्यू यॉर्क शहरात साडेतीन हजारांवर माणसं दगावली. विहिरी घाण होत्या, आणि क्रोटन नदीचं पाणी नळाने आलं ते 1842 मध्ये. अशा शहरात बाटलीतल्या पाण्याचं मोल वेगळंच. बाटल्या तर इतक्या चोरीला जात, की बाटलीवर मालकाचं नाव आणि खूण नोंदवून तिला संरक्षण देणारा कायदा राज्याला 1847 मध्ये करावा लागला. कार्ल शुल्त्झ या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या बाटल्यांवर उठावाच्या अक्षरांत ‘सी-पी-एम-एस’ असतं, म्हणजे सेंट्रल पार्क मिनरल स्प्रिंग्ज. तिथला त्यांचा मंडप 1869 चा. कोण कुठून आलं होतं, ते अशा काचेवर आजही हाताला लागतं.

तुम्ही लिहिता, गोटी सोडा हायरम कॉडचा, म्हणजे बाटलीतही श्रेय इंग्लंडचंच. कॉडची बाटली 1870 नंतरची. मॅथ्यूजच्या कारखान्याच्या बाटलीत त्याआधी, 11 ऑक्टोबर 1864 च्या पेटंटचं आतलं काचेचं बूच होतं. बाटली उलटी धरून भरायची, बूच तोंडाशी येतं आणि सुलटी केली तरी वायूच्या दाबाने तिथेच घट्ट बसून राहतं. उघडताना आत ढकललं की खाली पडतं. आपली गोटीही दाबानेच अडकते.

आता ज्यूंबद्दल. भांडवल कमी लागत होतं, अगदी मान्य. माझा मुद्दा तोच आहे. 1881 नंतर रशियातल्या ज्यूविरोधी दंगलींतून जीव वाचवून आलेल्या माणसाकडे जमीन नाही, भाषा नाही, ओळख नाही. त्याच्या आवाक्यात काय होतं? एक तळघर, जुनं यंत्र आणि हातगाडी. शिवाय त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, सोडा मात्र दोन्हींबरोबर चालतो. लोअर ईस्ट साइड या न्यू यॉर्कच्या ज्यू वस्तीत घरोघरी सेल्टझर, म्हणजे साधा सोडा, गेला त्याला हे मोठं कारण. जाड काचेचे सायफन, म्हणजे तोंडाला तोटी बसवलेल्या सोड्याच्या बाटल्या, लाकडी खोक्यात घालून, लिफ्ट नसलेल्या इमारतींचे पाच-पाच मजले चढून पोचवायचे आणि रिकामे परत उतरवायचे. दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून धरलेला धंदा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नेटाने चालवला. मला याचं कौतुक वाटतं, आणि ते मी लपवणार नाही.

पुण्यात 1884 मध्ये अर्देशीर खोदादाद इराणींनी सोड्याचा धंदा काढला, त्याची आठवण तुम्ही करून दिलीत. त्यावर स्वतंत्र लेख हवा, इथे दोन ओळींत उरकणार नाही.

राहिला बेन ऑस्टेन. तो परदेशातून आलेला नव्हता. दक्षिणेतून आलेला, पूर्वी गुलामगिरीत असलेला, मॅथ्यूजच्या कारखान्यातला कृष्णवर्णीय कामगार होता. दाब मोजायला तो नळीच्या तोंडावर अंगठा धरायचा, आणि अंगठा उडाला की दाब चौरस इंचाला दीडशे पौंडांवर पोचला असं समजायचे. जुलै 1863 मध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध न्यू यॉर्कमध्ये उसळलेल्या दंगलीत जमाव काळ्या माणसांना शोधून मारत होता, तेव्हा त्याला खोक्यात घालून कारखान्याबाहेर सुखरूप पाठवलं, असं मॅथ्यूजच्या कारखान्याच्या इतिहासात सांगतात. पेटंट मालकांच्या नावावर, देखणं स्मारक मॅथ्यूजचं ग्रीनवुडच्या दफनभूमीत, आणि दाब पेलणारा अंगठा ऑस्टेनचा. तुमच्या हिशेबात शोध लावणारा आणि विकणारा एवढेच मोजले जातात, म्हणून तो विषयाबाहेर पडतो. माझ्या हिशेबात तो मधोमध आहे. तो परिच्छेद मी काढणार नाही.