अहो, जरा ऐकता का?

जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्टॅटिक इम्पोर्ट आलं २००४ साली, जावा ५ बरोबर. क्लासचं (म्हणजे कोडच्या घराचं) नाव न घेता थेट त्यातल्या मेथडला (काम करणाऱ्या तुकड्याला) हाक मारायची सोय. चाळीत 'अहो' म्हणावं तशी: आपल्यापुरतं बरोबर असतं, पण गॅलरीत चार जण वळून बघतात. आणि घरातच एक अहो बसलेले असले तर बाहेरच्याला हाक पोचतच नाही. 'ॲरेज' या क्लासची टूस्ट्रिंग ही मेथड स्टॅटिक इम्पोर्ट करून बघा. 'ऑब्जेक्ट' या सगळ्या क्लासांच्या मूळपुरुषाकडून वारशाने आलेली टूस्ट्रिंग आधी ओ देते आणि वर 'मला आर्ग्युमेंट चालत नाही' म्हणून भांडते.

तर अशा अहोंनी भरलेल्या आमच्या टेस्ट (कोड तपासणारा कोड) जेयुनिट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या आवृत्ती ४ वरून ५ वर न्यायचं ठरलं. साहेब म्हणाले, "टूल आहे ना, बटण दाबायचं." (हे म्हणणारा माणूस स्वतः कधी बटण दाबत नाही.) टूलने झटक्यात फायलीफायलींत तपासणीच्या मेथडचा जुना क्लास 'असर्ट' काढून नवा 'असर्शन्स' घातला. जाता जाता, कुणी सांगितलेलं नसताना, वरचे स्टॅटिक इम्पोर्ट खाली नेले. डिफ (काय काय बदललं त्याची यादी) इतका लांबला की रिव्ह्यू करणारा 'लुक्स गुड' लिहून जेवायला पळाला.

गोम अशी, की जेयुनिट ४ मध्ये टेस्ट फसली तर दाखवायचा मेसेज आधी द्यायचा असतो आणि ५ मध्ये शेवटी. हा क्रम फिरवणारी ओपनरिराइटसारखी टूलं आहेत. आमचं मात्र नुसती नावं बघणारं. असर्टट्रू (गोष्ट खरी आहे का ते बघणारी मेथड) असेल तर कोडचं भाषांतर करणारा कंपायलर निदान बोंब मारतो. असर्टनॉटनलला (काही तरी आहे ना, एवढंच बघणारी) दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, दिल्या, की तोही गप्प. आमच्या एका टेस्टमध्ये आधी "ग्राहकाचं नाव सापडलं नाही" हा मेसेज होता, मग ते नाव. आता ती टेस्ट "ग्राहकाचं नाव सापडलं नाही" हे वाक्य सापडतंय का, ते तपासत होती. सापडणारच, तिथेच तर लिहिलेलं! नाव असो नसो, टेस्ट हिरवीगार, म्हणजे पास. दोन गोष्टी सारख्या आहेत का बघणाऱ्या असर्टइक्वल्सने लाल (नापास) होऊन गोंधळ तरी घातला: अपेक्षित होतं "नाव जुळत नाही", मिळालं "सुलोचना", असं तो अगदी गंभीरपणे कळवत होता.

साहेबांना दाखवलं. हिरव्यांकडे त्यांनी समाधानाने पाहिलं. "लाल आहेत तेवढ्या डिसेबल करा," म्हणाले, "त्याचं इम्पोर्ट टूल आपोआप घालतं."