गर्भाची पिशवी काढायची? आधी रक्त का जातंय ते सांगा

मागच्या पावसाळ्यात माझी थोरली जाऊ, वय ४३, खानापूर तालुक्यातल्या गावाहून बेळगावला आली. बसमध्ये आधार कार्ड दाखवलं, शक्ती योजनेचं फुकट तिकीट मिळालं, बसायला जागाही होती. तरी अक्का वाटभर उभ्याच. सीटवर डाग पडला तर? हातातल्या पिशवीत चार पॅड आणि जुन्या लुगड्याचं धडपं.

दर अडीच आठवड्यांनी पाळी, आली की दहा-बारा दिवस, गोळेच्या गोळे. सात महिने अंगावर काढलं. ‘पाळी जायच्या आधी असंच जातंय की,’ असं गावात सगळ्याच सांगतात.

एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफीचा कागद बघून पाच मिनिटांत निकाल लागला होता: पिशवीला सूज आहे, काढून टाका, मुलं झालीत ना? घरचे तर तयारच. माझं डोकं तिथं फिरलं. रक्त जातंय हे आम्हीच सांगितलं होतं, का जातंय ते त्यांनी सांगायचं होतं.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांना मराठी जेमतेम. ‘अंगावरून जातंय’ कळेना, शेवटी मीच कानडीत म्हटलं, ‘मुट्टु भाळ होगतैती.’ मग प्रश्न सुरू झाले. दिवसाला किती पॅड, रात्री उठावं लागतं का, तांबी बसवलीय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत का. पहिली तपासणी दिवस गेलेत का याची! अक्का लाजून म्हणाल्या, ‘ऑपरेशन झालंय हो.’ तरी केली, कारण क्वचित ते ऑपरेशनही फसतं. हिमोग्लोबिन ७.१, म्हणजे फारच कमी. थायरॉईड ठीक. आतून केलेल्या सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड दिसलं, आणि दुर्बीण घातल्यावर शेंगदाण्याएवढा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, सापडला. तो काढला, तुकडा तपासायला गेला, कॅन्सर नाही. संध्याकाळी घरी. नंतर सलाईनमधून लोह.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या जागतिक संघटनेनं २०११ मध्ये अशा रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ गट केलेत. पॉलिप, गाठी, अस्तर स्नायूत शिरणं, कॅन्सर, रक्त न गोठण्याचा दोष, बीज वेळेवर न सुटणं, अगदी औषधांमुळं होणारंसुद्धा. प्रत्येकाचा इलाज वेगळा. कुणाला रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या पुरतात, कुणाला हार्मोन सोडणारं साधन तांबीसारखं आत बसवतात. कॅन्सर असेल, गाठी फार मोठ्या असतील किंवा बाकी काहीच लागू पडत नसेल तर पिशवी काढायचीच, त्यात दुमत नाही. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक ठिपका जरी दिसला तरी दवाखाना गाठायचा. ते ‘उष्णता’ म्हणून सोडू नका.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातात यावरून २०१९ मध्ये महाराष्ट्रात चौकशी समिती बसली, तेव्हा आम्ही इकडे ‘तिकडचं’ म्हणून वाचलं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं विनाकारण पिशव्या काढण्याला आळा घालायला सगळ्याच राज्यांना सांगितलं, म्हणजे कर्नाटकालाही. पण खरं सांगू, आपल्या बायकाही ‘काढून टाका, कटकट गेली’ म्हणतात. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला दर महिन्याची ही यातना नकोशी होते, तिला मी दोष देणार नाही. पण पिशवीबरोबर चांगली बीजकोशंही गेली तर चाळिशीतच पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, हे तिला आधी कोण सांगतं?

सासूबाईंचं मात्र अजून म्हणणं आहे, ‘एवढा खर्च केलात, काढलीच असती तर एकदाचं झालं असतं गे.’ अक्का ऐकतात, लोहाची गोळी घेतात आणि कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला गोल करतात. गेले चार गोल २८-२९ दिवसांवर आहेत.