गुलामगिरीचे खापर मातीवर फोडू नका

अमेरिकेतील पहिल्या इंग्रज वसाहतींविषयी एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. न्यू इंग्लंडची, म्हणजे ईशान्येकडील वसाहतींची, जमीन खडकाळ आणि हिवाळा कडक, म्हणून तिथे घरच्या माणसांनी कसलेली लहान शेते झाली. दक्षिणेची जमीन सुपीक आणि हवा उबदार, म्हणून तिथे तंबाखूचे मळे आणि त्यांच्यामागून गुलामगिरी आली, असे त्यात म्हटलेले असते. या साखळीतला जवळजवळ प्रत्येक दुवा कच्चा आहे.

पहिला दुवा दक्षिणेच्या सुपीकतेचा. दक्षिणेकडील व्हर्जिनिया वसाहतीत 1607 मध्ये जेम्सटाउन वसले, तिथली किनारी जमीन बरीचशी रेताड व आम्लधर्मी होती. तंबाखूने तीन-चार वर्षांत तिचा कस इतका उतरे की पुढे वीसेक वर्षे ती पडीक ठेवावी लागे, आणि म्हणूनच मळेवाल्यांना सतत नवी जमीन लागत असे. हवामानानेही साथ दिली नाही. जेम्सटाउन दक्षिण स्पेनच्याच अक्षांशावर असल्याने तिथे द्राक्षे आणि रेशीम सहज होईल, असा वसाहतवाल्यांचा अंदाज होता, तो फसला. सायप्रस वृक्षांच्या खोडांतील वर्तुळांवरून दिसते की 1606 ते 1612 ही सात वर्षे तिथल्या सुमारे 770 वर्षांतील सर्वांत कोरडी होती. 1609-10 च्या हिवाळ्यातील भीषण उपासमारीमागे तिथल्या मूळ रहिवासी पॉहॅटन लोकांशी चाललेल्या लढाईइतकाच हा दुष्काळही विचारात घ्यायला हवा.

तंबाखूचे पीकसुद्धा तिथल्या मातीने सुचवलेले नव्हते. स्थानिक तंबाखू फार जहाल असल्याने 1612 च्या सुमारास जॉन रॉल्फ या वसाहतवाल्याने कॅरिबियन भागातले बियाणे लावून पाहिले, आणि लंडनच्या बाजारात त्याला मागणी आल्यावर सारी वसाहत त्यामागे लागली.

सर्वांत गंभीर चूक गुलामगिरीच्या बाबतीत आहे. 1619 मध्ये आफ्रिकी लोक व्हर्जिनियात आणले गेले, तरी पुढची कित्येक दशके तंबाखूच्या शेतांत बहुतांश काम कराराने बांधलेले इंग्रज मजूर करीत होते. माती तीच होती, पाऊसही तोच होता. 1662 मध्ये व्हर्जिनियाने मुलाचा दर्जा आईवरून ठरवण्याचा कायदा केला, त्यामुळे गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच गुलाम ठरले. शतकाच्या अखेरीस इंग्लंडहून येणारे मजूर कमी झाले, तेव्हा मळेवाल्यांनी गुलामांची खरेदी वाढवली. हे निर्णय माणसांनी, स्वतःच्या फायद्यासाठी, विचारपूर्वक घेतले होते, आणि त्यांना निसर्गक्रम म्हणणे मला त्या पिढ्यांवर पुन्हा अन्याय केल्यासारखे वाटते.

न्यू इंग्लंडची जमीन दगडगोट्यांची होती, हे खरे आहे. पण कनेटिकट नदीच्या खोऱ्यात गाळाची उत्तम जमीन होती. आणि 1620 मध्ये न्यू इंग्लंडमधील प्लिमथला आलेल्या इंग्रजांना रोगाच्या साथीने उजाड झालेल्या पटक्सेट या मूळ रहिवाशांच्या गावाची जमीन आयती मोकळी केलेली मिळाली, तर त्याच गावच्या टिस्क्वांटमने त्यांना मका लावायला शिकवले. थंड हवेत गुलामगिरी टिकत नाही असे मानणाऱ्यांनी न्यू इंग्लंडमधल्याच ऱ्होड आयलंडचा नॅरागॅन्सेट परिसर पाहावा. अठराव्या शतकात तिथल्या बड्या जमीनदारांच्या गोठ्यांत आणि कुरणांवर आफ्रिकी गुलाम राबत होते.