कुरडईचा सातबारा

बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातली निदान बारा थकबाकीदारांना नोटिसा पाठवण्यात गेली. 'सदर नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत' हे शब्द माझ्या हाताखालून इतक्या वेळा गेलेत की झोपेत पांघरूण ओढतानाही मी बायकोला सात दिवसांची मुदत देत असेन. पण नोटीस ज्याच्या दारात येते त्याच्या पोटात काय होतं, हे कळायला निवृत्त व्हावं लागलं.

पोस्टमनने सही घेतली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दिल्लीहून आहे, काका." आमच्या आळीत दिल्लीहून आजवर फक्त थंडीची लाट आली होती.

नऊ पानं. जाड कागद. वर वकिलांच्या कंपनीचं नाव, ज्यात पाच आडनावं आणि एक 'अँड' होता. मजकुराचा सारांश असा की आमच्या संकेतस्थळाच्या नावात 'कुरडई' हा शब्द वापरून आम्ही त्यांच्या अशिलाच्या ट्रेडमार्कवर हेतुपुरस्सर, उद्दामपणे आणि निर्लज्जपणे डल्ला मारला आहे.

मी वाचत होतो, आई ऐकत होती. आईचं वय एक्क्याऐंशी. "परत वाच," म्हणाली. मला वाटलं ऐकू आलं नाही. तर तसं नव्हतं. 'हेतुपुरस्सर, उद्दामपणे आणि निर्लज्जपणे' हे तिला आवडलं होतं. "काय ठेवून दिलीय," म्हणाली. "लिहिणारा सासुरवास काढलेला दिसतो."

आता हे संकेतस्थळ म्हणजे काय ते सांगतो. आई दर उन्हाळ्यात कुरडया घालते. खपली गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी निथळायचं, पहाटे शिजवायचा आणि हाताला चटके बसत असतानाच सोऱ्यातून घालायच्या. चीक गार झाला की सोऱ्या फिरत नाही आणि आईचा पारा फिरतो. पूर्वी हे सगळं नात्यागोत्यात जायचं. २०२२च्या दिवाळीत पुण्याला संगणकात असलेल्या आमच्या चिरंजिवांना वाटलं, आजीची कला जगासमोर गेली पाहिजे. पाच-सातशे रुपयांत त्याने 'कुरडई डॉट इन' घेतलं.

स्पेलिंगवरून तेव्हाच भांडण झालं होतं. कुरडई इंग्रजीत लिहायची कशी? के-यू-आर-डी-ए-आय. हे वाचून मेव्हणा म्हणाला, "कुर्दाई? म्हणजे कुर्दिस्तानातली आई?" शेवटी एकच आय की दोन ई यावर मतदान झालं आणि एक आय जिंकला. देवनागरीतही नाव घेता येतं, 'डॉट भारत' २०१४पासून आहे. चिरंजिवांनी तेही करून पाहिलं, पण एका मेलमध्ये ते नाव 'एक्सएन डॅश डॅश' आणि पुढे दहा-बारा बिनसंबंधाची अक्षरं असं उमटलं. आईला वाटलं कुठल्यातरी इंजेक्शनचं नाव आहे. तो विचार सोडून दिला.

तर नोटिशीतल्या मागण्या. एक, संकेतस्थळ ताबडतोब बंद करा. दोन, डोमेन आमच्या अशिलाच्या नावे करा. तीन, पुन्हा हा शब्द व्यापारात वापरणार नाही असं लिहून द्या. चार, दहा लाख रुपये नुकसानभरपाई. पाच, आजवर या नावावर मिळवलेल्या नफ्याचा संपूर्ण हिशेब सादर करा.

पाचव्या मागणीने आई पहिल्यांदा हलली. कारण हिशेब खरंच नव्हता. मी वही घेऊन बसलो. तीन उन्हाळ्यांत एकूण बेचाळीस किलो. त्यातल्या अकरा किलोंचे पैसे घेणं नात्यामुळे शक्य नव्हतं. चार किलो समोरच्या वहिनींनी 'पगार झाला की देते' म्हणून नेल्या. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दीड किलो कुरिअरमध्ये चुरा झाली, त्याचे पैसे परत केले. गहू, गॅस, खोकी आणि मुंबईच्या आत्याला फुकट पाठवलेलं पार्सल वजा जाता नफा उणे दोन हजार तीनशे चाळीस आला. "हे अर्धं त्यांना मागता येईल का?" बायकोने विचारलं. बँकेत असताना मला हे कधी सुचलं नव्हतं.

गावातल्या वकिलांकडे गेलो. त्यांचा हातखंडा बांधाच्या भांडणात. नोटीस वाचून त्यांनी चष्मा काढला आणि पहिला प्रश्न विचारला, "डोमेनचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

मी म्हणालो, मुलाच्या.

"कब्जा?"

"आईचा."

"वहिवाट किती वर्षांची?"

हसू नका. नंतर कळलं की त्यांनी विचारलेले तिन्ही प्रश्न बरोबर होते. फक्त खात्याचं नाव वेगळं होतं. ते स्वतःच म्हणाले, "हे माझं शेत नाही. माझी पुतणी पुण्यात याच कामात आहे, तिला लावतो."

पुतणी म्हणजे वकीलबाई फोनच्या पडद्यावर आल्या. तिशीच्या आतबाहेर, मागे पुस्तकं, हातात चहा. पहिलंच वाक्य, "काका, त्यांना फोन केला नाहीत ना?" केला नव्हता. "माफी मागितली नाहीत ना?" नव्हती. "डोमेन विकायची तयारी दाखवली नाहीत ना?"

इथे मी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याने आदल्या रात्रीच सल्ला दिला होता, "दाजी, घाबरता कशाला? पन्नास हजार मागा आणि देऊन टाका. लॉटरी आहे ही." मी मेलसुद्धा लिहून ठेवला होता. पाठवला नाही, कारण पासवर्ड आठवेना.

वकीलबाईंनी कॅनडातल्या एका सतरा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगितली. त्याचं नाव माइक रो. वेबसाइटी बनवायचा, म्हणून त्याने आपल्या नावापुढे 'सॉफ्ट' लावून डोमेन घेतलं. मोठ्याने वाचा: माइकरोसॉफ्ट. मायक्रोसॉफ्टने नाव सोडायला सांगून दहा डॉलर देऊ केले, म्हणजे डोमेनला पडले तेवढे. पोराने चिडून दहा हजार मागितले. झालं. कंपनीचे वकील म्हणाले, बघा, याने पैसे उकळायलाच नाव घेतलं होतं. पुढे लोकांनी इतका गलका केला की जानेवारी २००४मध्ये तडजोड झाली; नाव गेलं आणि त्याला एक एक्सबॉक्स व इतर काही गोष्टी मिळाल्या. सगळीकडे लवादापुढे हाच प्रश्न येतो, त्या म्हणाल्या. आपल्या डॉट इनच्या नावांचा कारभार निक्सी बघते, तिच्याकडे लवाद नेमून निकाल होतो. नाव सारखं आहे का, तुमचा त्यावर काही न्याय्य हक्क आहे का, आणि घेताना किंवा वापरताना मनात खोट होती का, एवढंच बघतात. पन्नास हजारांचा मेल गेला असता तर ती खोट आपण स्वहस्ते लिहून दिली असती. मेव्हणा उठून पाणी प्यायला गेला.

"पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिलाय त्यांनी," मी म्हणालो. नोटिशीत सत्यम इन्फोवे या कंपनीच्या खटल्यातला २००४चा निकाल ठळक टायपात होता. डोमेन म्हणजे नुसता पत्ता नाही, ट्रेडमार्कसारखाच त्याला हक्क असू शकतो, असं त्यात आहे.

"निकाल बरोबर आहे," वकीलबाई म्हणाल्या. "पण तिथे भांडण 'सिफी' या नावावरून होतं. तो त्यांनी घडवलेला शब्द. कुरडई हा शब्द कोणी घडवला?"

"मी नाही," आई मागून म्हणाली. हा प्रामाणिकपणा वकीलबाईंना फार आवडला.

मग त्यांनी मला कामाला लावलं. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट शोध घेता येतो. घेता येतो म्हणजे आधी चित्रातली वाकडी अक्षरं ओळखून तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करावं लागतं. मला ते चौथ्या खेपेला जमलं. मग वर्ग विचारतात. जगातल्या सगळ्या मालाचे आणि सेवांचे पंचेचाळीस वर्ग पाडलेले आहेत. कुरडई तिसाव्यात, कारण पीठ आणि धान्याचे पदार्थ तिथे. त्याच वर्गात चहा, मीठ, मोहरी आणि बर्फ आहे. लोणचं मात्र एकोणतिसाव्यात. पानात डाव्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या मांडीला मांडी लावून बसलेले हे दोघे सरकारदरबारी निरनिराळ्या जातीचे निघाले.

नोटीस देणाऱ्या अशिल कंपनीचा अर्ज सापडला. नऊवारीतली बाई, हातात परात, खाली 'कुरडई' आणि त्याच्या मागे कंपनीने लावलेलं एक झगमगीत शेपूट. वापर कधीपासून, तर २०१९. आणि स्थितीच्या रकान्यात एक शब्द: 'ऑब्जेक्टेड'. म्हणजे आक्षेप निघालेला, नोंदणी झालेली नाही.

मी नोटीस परत काढली. नऊ पानांत 'नोंदणीकृत' हा शब्द कुठेही नव्हता. 'रीतसर दाखल व संरक्षित' असं होतं. बारा वर्षं नोटिसा काढणाऱ्या माझ्या नजरेतून हे सुटलं! खातेदाराला 'जप्ती होईल' असं न लिहिता 'जप्तीसह सर्व पर्याय खुले आहेत' लिहायचं, हे मीच कनिष्ठांना शिकवायचो.

पण खरी मेजवानी पुढे होती. त्या संकेतस्थळावर अर्जाची कागदपत्रंही वाचता येतात. नोंदणी कार्यालयाच्या परीक्षकाने विचारलं होतं की कुरडई हे तर पदार्थाचंच नाव. १९९९च्या कायद्याच्या कलम ९ खाली मालाचा प्रकार सांगणारा शब्द एकट्या कोणाला कसा द्यायचा? त्यावर कंपनीच्या वकिलांनी, त्याच पाच आडनावांनी, उत्तर दिलं होतं की 'कुरडई' हा सर्वसामान्य शब्द आहे हे आमच्या अशिलाला मान्य आहे, त्यावर एकट्याचा हक्क आम्ही सांगत नाही, चिन्हाचा विचार एकत्रितपणे व्हावा.

मी ते तीनदा वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "म्हणजे विहिणीपुढे एक आणि सुनेपुढे एक."

वकीलबाईंना मी ते पान पाठवलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. उलट निरोपात फक्त हसणाऱ्या चेहऱ्यांची एक रांग आली. कायद्याच्या माणसाकडून इतका स्पष्ट अभिप्राय मला पूर्वी मिळालेला नाही.

उत्तराचा पहिला मसुदा मी लिहिला. त्यात शिवाजी महाराज होते, मराठी अस्मिता होती, आणि शेवटी 'आम्ही अशा धमक्यांना भीक घालत नाही' होतं. वकीलबाईंनी तो वाचून 'छान' म्हटलं आणि त्यातला माझा पत्ता तेवढा ठेवला. आईनेही एक परिच्छेद सांगितला होता: 'तुमच्या अशिलाला कुरडई करता येते का? येत असल्यास चीक किती वेळ हाटायचा ते कळवावे.' तोही गेला. पत्राच्या माथ्यावर त्यांनी लिहिलं, 'पूर्वग्रहाविना'. आई म्हणाली, "मला तर आहे पूर्वग्रह. खोटं कशाला लिहिता?" म्हणजे तडजोडीच्या बोलण्याचा पुढे आपल्याविरुद्ध वापर होऊ नये, वगैरे समजावण्यात माझी अर्धी दुपार गेली.

मधल्या काळात पुरावे. "कुरडया पहिल्यापासून करतो हे कागदावर दाखवा," असा निरोप होता. जुन्या वापराचं रक्षण करणारं कलम ३४ आहे. ते लागायची वेळ येऊ नये, पण हाताशी असावं. आता १९७४पासून गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईकडे बिलं कुठून असणार? कावळ्यांची साक्ष काढायची? दोन दिवस माळा उपसला. शेवटी पुरावा निघाला तो स्वयंपाकघराच्या फळ्यांवरून. आई गेल्या वर्षीचं कॅलेंडर कधी टाकत नाही, डब्यांखाली अंथरते. हळदीच्या डब्याखाली १९९१चा एप्रिल मिळाला. चौदा तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने: 'गहू भिजत. दूध नाही.' अठराला: 'कुरडई झाली. ताईंकडे २ किलो, ४० रु. येणे.'

"हे चाळीस रुपये आले का?" मी विचारलं.

"कुठले!" आई म्हणाली. चौतीस वर्षं ती थकबाकी माझ्याच घरात होती.

उत्तर गेलं. चार पानी, थंड, सभ्य. नोंदणीच झालेली नसल्याने कलम २७ प्रमाणे ट्रेडमार्कभंगाचा दावा उभा राहत नाही. कुरडई विकणाऱ्याने कुरडईला कुरडई म्हणणं ही कोणाची नक्कल नव्हे. सोबत आपल्याच अशिलाचं परीक्षकाला दिलेलं उत्तर जोडलं आहे, कृपया अवलोकन व्हावे. आणि निराधार धमक्यांबद्दल कलम १४२ खाली न्यायालयात जाण्याचा आमचा हक्क राखून ठेवला आहे. 'कृपया अवलोकन व्हावे' हे माझं. वकीलबाईंनी ते एकच वाक्य राहू दिलं.

एक महिना गेला. दोन गेले. दिल्लीहून काही नाही. वकीलबाई म्हणाल्या, हे असंच असतं, कोणी 'चुकलो' असं लिहून देत नाही. मी सुटकेचा श्वास टाकला, पण आई रोज पोस्टमनला विचारायची. "एवढं लिहिलं आपण, उलट उत्तर द्यायची रीत नाही?" निदान आणखी एक 'निर्लज्जपणे' तरी यावं, अशी तिची अपेक्षा होती.

मग परवा समोरच्या वहिनींच्या नातवाने, त्याच ज्या चार किलोवाल्या, त्यांच्या कुरडयांचं संकेतस्थळ काढलं. नाव तेच. फक्त शेवटी आयऐवजी दोन ई. चिरंजीव म्हणाले, स्पेलिंग वेगळं आहे, आणि शब्द सगळ्यांचा आहे असं आपणच चार पानं लिहून दिलंय.

आईने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग उठली, तांदळाचा डबा हलवला आणि त्याच्याखाली अंथरलेली नऊ पानं काढून माझ्यासमोर ठेवली.

"सगळं लिहिलेलंच आहे," म्हणाली. "फक्त नावं बदल."