एका शून्याचे दीड हजार? मालकाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय: ‘मोबाइलला फोन लागत नाहीत, आकडे दाबल्यावर पाच सेकंद सामसूम, माणूस चार तास उशिरा आला आणि एक शून्य टाकायचे दीड हजार घेऊन गेला. वरून मशीनमधलं सॉफ्टवेअर फुकटचं.’ ही मशीन म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या सगळ्या फोनचं आम्ही बसवलेलं छोटं एक्स्चेंज. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ड्रायव्हरला फोन लागत नसेल तर दिवस कसा जातो, हे आम्ही जाणतो. तुम्हाला आणि तुमच्या स्टाफला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

उशीर झाला, हे खरं. तुमचा फोन आला तेव्हा आमचा मुलगा बुटीबोरी एमआयडीसीत एका कारखान्याचं काम अर्ध्यात सोडून येऊ शकत नव्हता. आल्यावर कळलं की मशीनचा पासवर्ड बदललाय आणि तो फक्त तुमच्या भाच्यांना ठाऊक आहे. ते अमरावतीला लग्नात होते, फोन उचलत नव्हते. मुलगा तुमच्या रिसेप्शनवर बसून राहिला. तो वेळही तुम्ही आमच्या उशिरात धरला, ठीक आहे, धरा.

पण ‘एक शून्य टाकायचे दीड हजार’ हे वाक्य नागपुरात बर्डीवरच्या आमच्या दुकानात येणारा प्रत्येक गिऱ्हाईक आता मोबाइलवर वाचून येतोय. काल एकाने हसत विचारलंच, ‘भाऊ, दोन शून्यांचे तीन हजार का?’ म्हणून हे सविस्तर लिहितोय. लांबेल, पण वाचा.

आपल्याकडे लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावणं १५ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. मोबाइलसाठी जादा नंबर मोकळे व्हावेत म्हणून दूरसंचार विभागाने तो नियम आणला. तुमच्या टेबलावरच्या माणसाने हे लक्षात ठेवायची गरज नाही, कारण आम्ही मशीन बसवली तेव्हाच ते तिला सांगून ठेवलं होतं: दहा आकडी नंबर आला, पहिला आकडा ६ ते ९ मधला असला, की आधी शून्य जोडायचं आणि सिप ट्रंकवरून, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन लाइनवरून, पाठवायचं. शहरातला सात आकडी नंबर आला की ०७१२ जोडायचं. बाहेरगावचा नंबर माणूस स्वतःच शून्य लावून दाबतो, तो जसाच्या तसा सोडायचा. ११२ ला काहीच जोडायचं नाही, अडवायचंही नाही, थेट जुन्या तांब्याच्या लाइनवरून बाहेर. ती लाइन तुम्ही ‘कशाला भाडं भरायचं’ म्हणून काढायला निघाला होता, मी ठेवायला लावली. सिमेंट रोडच्या खोदकामात फायबर तुटली की ट्रंक बंद पडते आणि मशीन त्याच लाइनकडे वळते. हे नागपुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

या सगळ्याला आउटबाउंड रूट म्हणतात. मशीन ही यादी वरून खाली वाचते आणि नंबर ज्या रूटला पहिल्यांदा जुळेल तिथेच थांबते. खालचं पुढे पाहतच नाही. म्हणून यादीत काय आहे याच्याइतकंच कोण कोणाच्या वर आहे हेही महत्त्वाचं. परदेशचे नंबर ‘शून्य शून्य’ने सुरू होतात, बाहेरगावचे एका शून्याने. बाहेरगावचा रूट वर राहिला तर परदेशचा कॉलही त्यातूनच निघून जातो, पिन न विचारता. म्हणून परदेशचा वर, पिनचं कुलूप लावून.

आता काय झालं ते. तुम्ही ट्रंकची कंपनी बदलली. दर स्वस्त मिळाला, बदलली, तुमचा हक्क आहे. आम्हाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच. भाच्यांनी नव्या ट्रंकसाठी एक नवा रूट तयार केला, त्यात नमुना लिहिला एक्स आणि पुढे टिंब, म्हणजे ‘कोणताही आकडा आणि त्यापुढे काहीही’, आणि तो ओढून सगळ्यात वर ठेवला. त्या घडीपासून आमचे खालचे सगळे रूट नुसते शोभेचे झाले. मोबाइल नंबर शून्याशिवाय कंपनीकडे गेले आणि परत आले. सवयीने शून्य दाबणाऱ्यांचे लागत राहिले, म्हणून तुमच्याकडे अर्धा स्टाफ म्हणत होता ‘लागतो’ आणि अर्धा म्हणत होता ‘लागत नाही’. मुंबई-पुणे व्यवस्थित, गावातलं काहीच नाही, कारण नवी कंपनी गावातला नंबरही कोडसकट मागते.

पाच सेकंदांची सामसूमही त्या टिंबाचीच. तुमच्याकडचे जुने साधे फोन एकेक आकडा मशीनकडे सोडतात. नमुन्यात आकडे मोजून दिलेले असले की मशीनला कळतं, दहा झाले, लावा. ‘काहीही’ लिहिलं की तिला शेवट कळत नाही. माणूस अजून दाबणार असेल म्हणून ती वाट पाहत बसते. तुमच्या स्टाफला वाटलं मशीन हँग होते.

आणि जे तुम्ही रिव्ह्यूत लिहिलं नाही ते मला लिहावं लागतंय. त्या वरच्या रूटमुळे परदेशच्या कॉलचं कुलूप ऑफिसभर उघडं पडलं होतं. गोदामातल्या फोनवरूनसुद्धा. इंटरनेटला जोडलेल्या अशा मशीन शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस दारं ठोठावत असतात. एखाद्या एक्स्टेंशनचा, म्हणजे मशीनला जोडलेल्या ऑफिसातल्या फोनचा, पासवर्ड सोपा सापडला की रात्रीतून महागड्या परदेशी नंबरांवर कॉल सुरू होतात आणि बिल ज्याची ट्रंक त्याच्या नावे येतं. मुलाने तुमचं कॉल रेकॉर्ड मागपर्यंत तपासलं. नशीब, काही गेलं नव्हतं. सगळ्या एक्स्टेंशनचे पासवर्ड बदलून तो उशिरा निघाला. त्याचे पैसे बिलात लावले नाहीत.

तर दीड हजारात हे होतं: तो रूट काढणं, प्रत्येक प्रकारचा नंबर नव्या कंपनीला हवा तसा पाठवणं, यादीचा क्रम लावणं, प्रत्येक प्रकारचा एकेक कॉल करून पाहणं, परदेशचं कुलूप परत बसवणं. बिलावर ‘आउटगोइंग रूट दुरुस्ती’ एवढंच लिहिलं होतं. मुलाला तुम्ही विचारलं, ‘काय झालं होतं?’ तो म्हणाला, ‘शून्य लागत नव्हतं साहेब.’ त्याने सोपं करून सांगितलं आणि तेच इथे आलं. वॉरंटीत मशीन येते, भाच्यांनी बदललेलं सेटिंग येत नाही. हे कोटेशनमध्ये आहे, तुमची सही आहे. आणि ‘घेऊन गेला’ म्हणता, तर दीड हजारांपैकी हजार मिळालेत. पाचशेसाठी तुमच्या अकाउंटंटने सोमवारी यायला सांगितलंय.

सॉफ्टवेअर फुकटचं आहे, बरोबर. त्याचं नाव ॲस्टरिस्क, ते १९९९ सालापासून सगळ्यांसाठी खुलं आहे, कोणीही उतरवून घ्यावं. त्याचा एक रुपया आम्ही लावलेला नाही, कोटेशन काढून बघा. पैसे मशीनचे, कार्डचे, वायरिंगचे आणि बसवणाऱ्याचे.

ग्राहकांना तुमचा नेहमीचा नंबर दिसत नाही, नवाच दिसतो, असं तुम्ही फोनवर म्हणाला होता. बाहेर कोणता नंबर दाखवायचा हे मशीनमध्ये लिहिता येतं, पण कंपनी स्वतः दिलेलाच नंबर पुढे जाऊ देते. जुना नंबर हवा तर तो नव्या कंपनीकडे आणता येईल का हे तुम्हालाच विचारावं लागेल. ते माझ्या हातात नाही.

एसटीडी बूथला गल्ल्यावर मीटर बसवायच्या दिवसांपासून या धंद्यात आहे. तेव्हा बिल जास्त आलं की लोक दुकानात येऊन भांडायचे, चहा पिऊन जायचे. आता स्टार देतात. असो. बिलावर काम थोडं खुलासेवार लिहायला सांगितलंय, आणि दुपारच्या वेळी फोनवर कोणीतरी राहील असंही बघतोय. भाच्यांबद्दल राग नाही, पोरगा हुशार आहे. दुकानात पाठवा, रूट कसे लावतात ते शिकवतो, पैसे घेणार नाही.

एक महत्त्वाचं. पुढच्या आठवड्यात फायबरवाले तुमचा राउटर बदलणार आहेत असं रिसेप्शनवरून कळलं. राउटर बदलला की ट्रंकची नोंदणी तुटू शकते आणि फोन पुन्हा बंद पडल्यासारखे वाटतील. चालू सेटिंगची बॅकअप फाइल आम्ही काढून ठेवली आहे. ते लोक येणार असतील त्या दिवशी सकाळी दहाच्या आत फोन करा. दुपारी मुलगा कळमेश्वरला असतो.