बोर्डापेक्षा रेकॉर्डिंग कामाचं

एका लेखात म्हटलंय की स्मार्टबोर्डवर दोन रकाने आखून लहान मुलांना दोन बाजू ताडून बघायला शिकवावं. मी इंदूरला चौथीला शिकवते. रकान्यांनी फारसं साधत नाही, मुलं ते भरून मोकळी होतात. (आमच्या बोर्डाचं पेन तर निम्मा तास रुसलेलंच असतं.) मला उपयोगी पडला साधा मोबाइल. विषय घेतला इथल्या सराफा बाजाराचा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री तिथेच खाऊगल्ली. एकीने बाबांबरोबर जाऊन भुट्ट्याचा कीस विकणाऱ्याचं म्हणणं रेकॉर्ड केलं, दुसऱ्याने तिथेच वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आपल्या आजीचं. आजी म्हणते, "मध्यरात्र उलटली तरी कढयांचा खणखणाट. झोपायचं कधी आम्ही?" वर्गात एकजण ठासून म्हणाला, आजीला बाजार बंद करायचाय. पुन्हा ऐकवलं. तसं ती म्हणालीच नव्हती! समोरच्याचे नेमके शब्द परत ऐकता येतात, यंत्राचा खरा फायदा एवढाच.

पुढच्या वर्षी १८०२ची हडपसरची लढाई घेईन म्हणते. आमच्या इंदूरचे यशवंतराव होळकर जिंकले, शिंदे-पेशवे हरले. दुसरी बाजू ऐकायला शिंद्यांच्या ग्वाल्हेरमधल्या माझ्या मावशीला वर्गातूनच फोन लावणार आहे, बघू ती काय सांगते.