आरपीएम जास्त म्हणजे मोटरला जोर जास्त? नाही हो!

"जास्त आरपीएमची मोटर घ्या, रोबोट चढ आरामात चढेल" असं सगळीकडे फिरतंय, ते चुकीचं आहे. आरपीएम म्हणजे वेग (मिनिटाला किती फेरे), ओढायचा जोर म्हणजे टॉर्क, आणि तीच मोटर गिअर लावून हळू केली की टॉर्क उलट वाढतो.

हिशोब बघा, 2 किलोची गाडी 15 अंशाच्या चढावर मागे खेचते साधारण 0.52 किलोने, चाकाची त्रिज्या 3.25 सेंमी, गुणाकार 1.7 किलो-सेंमी, म्हणजे एवढा टॉर्क लागतो, दोन मोटर असतील तर प्रत्येकी 0.85. पण हा फक्त चढाचा, घर्षण वेगळं! आणि डेटाशीटमधला (मोटरच्या माहितीपत्रकातला) स्टॉल टॉर्क म्हणजे मोटर पूर्ण अडकल्यावरचा, तिथे सतत चालवली तर वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळतं, म्हणून प्रत्येक मोटरचा स्टॉल टॉर्क निदान 3 किलो-सेंमी तरी बघा. आणि प्लीज, नुसतं मोठं चाक लावू नका, त्याने टॉर्क अजून जास्त लागतो.